जाताना एक न्याय, येताना दुसरा

घराबाहेर पडताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. कानडीतही तीच रीत. 'होगि बर्तीनि', म्हणजे जाऊन येते. मी माहेरची उदगीरची मराठी, सासर भालकीचे कानडी. घरात रोज दोन्ही भाषांची खिचडी चालते आणि अधूनमधून कोणत्या शब्दाला कोणत्या भाषेत काय म्हणतात यावरून वादही होतात. पण या एका बाबतीत दोन्ही भाषांचे एकमत आहे. २०२३ च्या मे महिन्यात माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही घरात अत्ती म्हणतो, हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाच्या दारापाशी वळल्या आणि 'होगि बर्तीनि' म्हणाल्या. जाणे आणि येणे या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत इतक्या वेगळ्या असतील हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

भालकी, बिदर, बसवकल्याण, उदगीर या भागातल्या माणसाला परदेशी जायचे म्हणजे हैदराबादच जवळचे. बिदरला आणि कलबुर्गीला विमानतळ झाले खरे, पण सातासमुद्रापार जायचे तर गाडी झहीराबाद, संगारेड्डी करत बाहेरच्या रिंग रोडवरून शमशाबादलाच वळवावी लागते. १९५६ पर्यंत आपण सगळे हैदराबाद संस्थानातले, मग हैदराबाद राज्यातले. राज्ये वेगळी झाली, पण दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि आता विमान यांसाठी हैदराबादच. पूर्वी बेगमपेटला विमान बघायला मुले भिंतीपाशी उभी राहायची. २००८ च्या मार्चमध्ये बेगमपेटहून सगळी वाहतूक शमशाबादला गेली. आता गावाकडून जीप भरून सोडायला आलेली मंडळी तिथल्या दाराबाहेरच थांबतात, कारण तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. आम्हीही तसेच थांबलो होतो.

माझी नणंद फ्रँकफुर्टजवळ राहते. तिचे पहिले बाळंतपण होते. आई जवळ असावी म्हणून अत्ती आणि मावा, म्हणजे माझे सासरे, तीन महिन्यांच्या व्हिसावर निघाले होते. हैदराबादहून फ्रँकफुर्टला थेट विमान तेव्हा नव्हते, म्हणून आखाती देशातल्या एका विमान कंपनीचे तिकीट काढले होते. हैदराबाद ते आखात, तिथे विमान बदलायचे, मग फ्रँकफुर्ट. जायचे आणि यायचे, सगळे एकाच तिकिटावर.

हैदराबादहून विमान पाच तास उशिरा सुटले. आखातातले पुढचे विमान निघून गेले होते. पुढच्या विमानात जागा मिळेपर्यंत दोघे म्हातारे तिथल्या बाकावर बसून राहिले. मावांच्या मधुमेहाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत, ती बॅग विमानाच्या पोटात. खिशातले युरो मोडून अत्तींनी दोन केक आणि पाण्याच्या बाटल्या घेतल्या. त्याची किंमत त्या अजून सांगतात. शेवटी दोघे एकोणीस तास उशिरा फ्रँकफुर्टला पोचले. मध्यंतरी नणंदेला वेळेआधीच कळा सुरू झाल्या आणि अत्ती बाकावर बसल्या असतानाच नात जन्माला आली. अत्ती याबद्दल फार बोलत नाहीत. "मी जाऊन तिच्या उशाशी बसणार होते," एवढेच म्हणतात.

ऑगस्टमध्ये परत येतानाही तसेच झाले. त्याच कंपनीचे विमान फ्रँकफुर्टहूनच चार तास उशिरा निघाले, कारण काय तर यंत्रात बिघाड. आखातातले हैदराबादचे विमान हुकले आणि दोघे शमशाबादला अकरा तास उशिरा उतरले. मी गाडी घेऊन रात्रीपासून उभी होते. पण आमच्या घरचे जावई जर्मनीत आठ वर्षे राहिलेले. त्यांनी अत्ती-मावांचे बोर्डिंग पास आधीच मोबाइलवर काढून ठेवले होते. त्यांनी कंपनीला पत्र लिहिले. पहिले उत्तर आले, 'असाधारण परिस्थिती होती, दिलगीर आहोत.' त्यांनी पुन्हा लिहिले. मग प्रकरण तिथल्या तडजोड मंडळाकडे नेले. २०२४ च्या जानेवारीत नणंदेचा फोन आला. माणशी ६०० याप्रमाणे १२०० युरो जमा झाले होते. त्या वेळच्या भावाने साधारण एक लाख आठ हजार रुपये.

घरात आनंद झाला. पण अत्तींनी विचारले, "येताना अकरा तासांचे पैसे दिले. जाताना एकोणीस तास झाले, त्याचे का नाही? इदु याव न्याय?"

हा कुठला न्याय, याचे उत्तर मला देता आले नाही. वर्गात राज्यशास्त्र शिकवणारी मी, घरच्या प्रश्नाला निरुत्तर झाले. मग सुट्टीत बसून जेवढे वाचता आले तेवढे वाचले. त्यातून जे कळले ते येथे मांडते आहे, कारण मुले-मुली युरोपात नोकरीला किंवा शिकायला गेलेली घरे आता आपल्याकडेही गल्लोगल्ली आहेत.

युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम आहे. तो १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. विमान रद्द झाले, जादा तिकिटे विकल्यामुळे प्रवाशाला चढू दिले नाही, किंवा फार उशीर झाला, तर कंपनीने प्रवाशाला काय द्यायचे हे त्यात लिहिले आहे. अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो. साडेतीन हजार किलोमीटरच्या वर ६००, आणि हैदराबाद त्याच्या दुप्पट लांब आहे. तीन ते चार तासांचा उशीर असेल तर लांबच्या प्रवासात ही रक्कम निम्मी करता येते. गंमत म्हणजे मूळ नियमात उशिरासाठी रोख भरपाई स्पष्ट लिहिलेलीच नव्हती. २००९ च्या नोव्हेंबरात युरोपीय न्यायालयाने ठरवले की तीन तास किंवा त्याहून उशिरा पोचलेल्या प्रवाशाचे हाल विमान रद्द झालेल्या प्रवाशासारखेच असतात, म्हणून त्यालाही भरपाई मिळाली पाहिजे. त्याच न्यायालयाने २००८ मध्ये हेही सांगितले होते की यंत्रातला नेहमीचा बिघाड ही 'असाधारण परिस्थिती' नव्हे, विमाने नीट ठेवणे हे कंपनीचेच काम. आमच्या जावयांनी दुसऱ्या पत्रात हेच लिहिले होते.

आता जाण्या-येण्याची गोष्ट. हा नियम दोन प्रकारच्या प्रवासांना लागू होतो. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणारे कोणतेही विमान, मग कंपनी कुठल्याही देशाची असो. आणि बाहेरून युरोपात जाणारे विमान, पण ते युरोपीय कंपनीचे असेल तरच. प्रवासी भारतीय की जर्मन, हा प्रश्नच नाही. म्हणजे अत्ती-मावा फ्रँकफुर्टहून निघाले तेव्हा आखाती कंपनीलाही युरोपचा नियम लागू होता, आणि विमान आखातात बदलले म्हणून तो सुटला नाही. एका तिकिटावरचा सगळा प्रवास एकच धरायचा आणि शेवटच्या ठिकाणी किती उशीर झाला ते पाहायचे, असे न्यायालयाने २०१८ मध्ये युरोपाबाहेर विमान बदलणाऱ्यांच्या बाबतीतही सांगितले आहे. पण हैदराबादहून निघताना विमानही युरोपचे नाही आणि विमानतळही युरोपचा नाही. मग नियम लागू नाही. तीच माणसे, तेच तिकीट, तीच कंपनी, हाल उलट जास्त, आणि भरपाई शून्य.

मी हे समजावून सांगितल्यावर अत्ती म्हणाल्या, "म्हणजे आपल्या गावाहून निघालं की आपली किंमत कमी." युरोपाने आपल्या अंगणापुरता कायदा केला, दुसऱ्याच्या अंगणात तो चालत नाही, हे मी सांगितले. ते त्यांना पटले की नाही, माहीत नाही.

मग आपल्या अंगणात काय आहे? आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम १५ ऑगस्ट २०१० पासून आहे आणि २०१६ मध्ये त्यातल्या रकमा वाढल्या. तिकीट असून चढू दिले नाही आणि चोवीस तासांत दुसरी सोय केली तर दहा हजारांपर्यंत, त्यापुढे वीस हजारांपर्यंत. न कळवता विमान रद्द केले तर उड्डाणाच्या वेळेप्रमाणे पाच, साडेसात किंवा दहा हजार, किंवा मूळ भाडे आणि इंधन आकार, यांतले जे कमी असेल ते. उशिरासाठी मात्र खाणे-पिणे, सहा तासांच्या वर दुसरे विमान किंवा पैसे परत, फार उशीर झाला तर हॉटेल. रोख भरपाई नाही. पाच तास उशीर म्हणजे आपल्याकडे चहा आणि सँडविच, युरोपात सहाशे युरो. २०२५ च्या डिसेंबरात इंडिगोच्या वैमानिकांच्या ड्युटीचे गणित चुकले तेव्हा ५ डिसेंबर या एका दिवशी देशात हजाराहून जास्त उड्डाणे रद्द झाली. हैदराबादेतही लोक बॅगांवर डोके ठेवून झोपले होते. तेव्हा सरकारने इतर कंपन्यांच्या तिकीटदरांना मर्यादा घातली, पैसे परत करायला लावले, पण बहुतेक प्रवाशांना नियम काय आहे तेच ठाऊक नव्हते.

एक तिसरा रस्ता होता आणि तो आम्हाला उशिरा कळला. १९९९ चा माँट्रियल करार म्हणून आहे, भारत २००९ मध्ये त्यात सामील झाला. आंतरराष्ट्रीय प्रवासात उशिरामुळे प्रत्यक्ष नुकसान झाले, म्हणजे खाण्याचा, हॉटेलचा, नव्या तिकिटाचा खर्च झाला, तर पावत्या दाखवून तो ठराविक मर्यादेपर्यंत मागता येतो. बॅग मोडून आली तर सात दिवसांत, उशिरा आली तर ती हाती पडल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करायची. आणि दावा करायचा तो दोन वर्षांच्या आत. आमची मुदत २०२५ च्या मे महिन्यात संपली. मी हे वाचले त्याच वर्षीच्या दिवाळीत. केकच्या आणि पाण्याच्या पावत्या अत्तींच्या पर्समध्ये अजून आहेत.

युरोपाच्या नियमातली रोख रक्कम सगळ्यांच्या लक्षात राहते, पण मला त्यातले दुसरे कलम जास्त मोलाचे वाटते. कारण काहीही असो, वादळ असो की संप, कंपनीने प्रवाशाला जेवण, गरज पडल्यास मुक्काम आणि घरी कळवायला दोन फोन द्यायचेच. नियमात फोनच्या जोडीला टेलेक्स आणि फॅक्सही लिहिला आहे. २००४ सालची आठवण! याचे जवळचे उदाहरण हैदराबादचेच आहे. १५ जून २०२५ रोजी लुफ्थांसाचे फ्रँकफुर्टहून हैदराबादला निघालेले विमान अर्ध्या वाटेतून परत फिरले, कारण विमानात बॉम्ब असल्याची ई-मेल हैदराबाद विमानतळाला आली होती. तीनच दिवसांपूर्वी अहमदाबादचा भीषण अपघात झालेला, त्यामुळे घरोघरी काय वाटले असेल! प्रवाशांना रात्रीचा मुक्काम देऊन दुसऱ्या दिवशी पाठवले. सुरक्षेच्या अशा कारणाने रोख भरपाई द्यावी लागत नाही, पण जेवण-मुक्काम सुटत नाही. धमकी खोटी असली तरी विमान उतरवायचे की नाही हा निर्णय घेणाऱ्याला त्या क्षणी ते कळत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात देशभर अशा शेकडो खोट्या धमक्या आल्या होत्या.

सुरक्षेचे म्हणाल तर आपल्या बायकांना त्याचा पहिला फटका लोणच्याच्या बरणीत बसतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट उघड झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून युरोपात हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली बंद झाली. नवी स्कॅनर यंत्रे बसवलेल्या काही युरोपीय विमानतळांवर २०२५ पासून हे सैल होऊ लागले आहे, पण त्या भरवशावर राहू नये. आणि एक गोष्ट, जी तिकीट काढून देणारा सांगत नाही. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, मोठ्या बॅगेतूनही. म्हणजे घरचे तूप नाही, धारवाडचा पेढा नाही, बेळगावचा कुंदा नाही. शेंगाहिंडी, मेतकूट, तिखट चालते. खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत टाकू नका, त्यात तेल असते म्हणून आपल्याकडेच २०२२ पासून त्यांना मनाई आहे. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत तूप असते. ते कायद्याच्या कुठल्या बाजूला बसतात यावर आमच्या घरी एक संध्याकाळ गेली. शेवटी अत्तींनी सगळे साहित्य कोरडे नेले आणि लाडू तिकडच्या लोण्याचे तूप कढवून वळले.

आता मला ज्याबद्दल जास्त सांगायचे आहे त्याकडे येते. पीएनआर म्हटले की आपल्याला रेल्वेच्या तिकिटावरचा दहा आकडी नंबर आठवतो. विमानाच्या तिकिटावर सहा अक्षरांचा असतो. त्या सहा अक्षरांमागे एक नोंदवही असते. नाव, फोन, पत्ता, पैसे कोणत्या कार्डाने भरले, सोबत कोण, सामान किती, कोणती जागा, कधी तिकीट बदलले, व्हीलचेअर मागितली का, जेवण कोणते सांगितले. जैन जेवण, कोशर जेवण, हलाल जेवण, यावरून धर्म कळतो. व्हीलचेअरवरून तब्येत कळते. आपण विमानात बसण्याआधी ही वही पुढे गेलेली असते.

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेने कायदा करून परदेशी विमान कंपन्यांकडून ही माहिती मागायला सुरुवात केली. युरोपातल्या कंपन्यांची पंचाईत झाली. माहिती द्यावी तर युरोपचा गोपनीयतेचा कायदा मोडतो, न द्यावी तर अमेरिका उतरू देत नाही. २००४ मध्ये करार झाला. युरोपीय संसदेने तो न्यायालयात नेला आणि २००६ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला. मग २००७ चा करार, मग २०१२ चा. पुढे युरोपाने स्वतःच २०१६ मध्ये तसाच कायदा केला. माहिती पाच वर्षे ठेवायची, पण सहा महिन्यांनंतर नाव-गाव झाकून टाकायचे. धर्म, जात, आरोग्य यांवरून चाळणी लावायला मनाई. तरीही २०२२ च्या जूनमध्ये न्यायालय म्हणाले की ज्याच्याविरुद्ध काहीच नाही अशा साध्या प्रवाशाची माहिती सहा महिन्यांपुढे सरसकट साठवता येणार नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे सीमाशुल्क खात्याने पीएनआरचे नियम काढले. भारतात येणाऱ्या आणि भारतातून जाणाऱ्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय विमानाची ही माहिती कंपनीने उड्डाणाच्या चोवीस तास आधी द्यायची, ती पाच वर्षे ठेवता येते, आणि नाव झाकायचे ते पाच वर्षांनंतर. तिकडे सहा महिने, इकडे पाच वर्षे. सोने, अमली पदार्थ, माणसांची चोरटी वाहतूक रोखायला याचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. शमशाबादला पोटात किंवा पट्ट्यात लपवून आणलेले सोने पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पण वही किती काळ उघडी राहावी, आणि ती कोणी चाळली हे आपल्याला विचारता यावे की नाही, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही.

वही हरवली तर काय होते याची दोन उदाहरणे देते. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या चार लाखांहून जास्त ग्राहकांची माहिती चोरली गेली. तिकडच्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंड दंड केला. २०२१ च्या मे महिन्यात एअर इंडियाने जाहीर केले की तिच्यासाठी माहिती सांभाळणाऱ्या कंपनीवर झालेल्या हल्ल्यात सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती उघडी पडली. नावे, जन्मतारखा, पासपोर्टचे तपशीलही त्यात होते. आपल्याकडे तेव्हा यासाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, आणि नागरिकांचे बरेचसे हक्क अमलात यायला त्यानंतर दीड वर्षाची मुदत दिली. सरकारी यंत्रणांना त्यात मोठ्या सवलती आहेत. तरी एवढेही झाले ते एका कानडी माणसाच्या चिकाटीने. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाच्या ऐंशीच्या पुढे आधारविरुद्ध याचिका केली आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. पुट्टस्वामी २०२४ मध्ये वारले.

देशांतर्गत प्रवासात तुमचा चेहरा हाच पास करणारी डिजियात्रा २०२२ च्या डिसेंबरपासून सुरू झाली, हैदराबादेतही आहे. चेहऱ्याची माहिती विमानतळावर चोवीस तासांत पुसली जाते असे सांगतात. ती घेणे सक्तीचे नाही, नेहमीच्या रांगेतूनही जाता येते, एवढे लक्षात ठेवावे.

मावांची अडचण याच्या उलटी आहे. यंत्राला ते ओळखूच येत नाहीत. पन्नास वर्षे शेतात काम केलेली बोटे, रेषा झिजलेल्या. रेशन दुकानातही अंगठा उमटत नाही. व्हिसासाठी बेंगळुरूला गेलो (राहायला कर्नाटकात म्हणून व्हिसा बेंगळुरूला आणि विमान हैदराबादला, ही आपली नेहमीची कसरत), तेव्हा दहा बोटांचे ठसे घ्यायला अर्धा तास लागला. फ्रँकफुर्टला उतरल्यावर तेथील अधिकाऱ्याने काचेवर बोटे ठेवायला सांगितली. एकदा, दोनदा, चारदा. भाषा कळत नाही, मागे रांग, एकोणीस तासांचे जागरण. अत्ती म्हणतात, त्या वेळी मावांचे हात थरथरत होते. अखेर अधिकाऱ्याने कागद पाहून सोडले. चांगला माणूस होता.

आता युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टावरच्या शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि १० एप्रिल २०२६ पर्यंत ती सर्व सीमांवर लागू करायचे ठरले. आपण कधी आलो, कधी गेलो, तीन महिन्यांपेक्षा एक दिवस जास्त राहिलो का, हे यंत्र मोजते. चेहऱ्याचा फोटो काढतात आणि व्हिसा काढताना दिलेल्या ठशांशी बोटे जुळवून पाहतात. ही नोंद तीन वर्षे राहते. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. व्हिसासाठी दिलेले ठसे साधारण पाच वर्षे पुन्हा वापरता येतात, त्यामुळे दर वेळी ते नव्याने द्यावे लागतीलच असे नाही.

म्हाताऱ्या माणसांना पाठवताना आणखी एक. व्हीलचेअर फुकट मिळते आणि मागण्यात कमीपणा नाही. युरोपात तो २००६ च्या नियमाने दिलेला हक्क आहे, फक्त अठ्ठेचाळीस तास आधी कळवावे लागते. गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. बोर्डिंग पास फेकू नये. विमान का थांबले हे काउंटरवर विचारून ते आणि वेळ लिहून ठेवावी, कारण पुढे कंपनीचे उत्तर बदलते. तिकिटावर नाव कोणाचे आहे यापेक्षा विमान प्रत्यक्ष कोण चालवते हे पाहावे, कारण नियम त्याला लागतो. इंग्लंड २०२० मध्ये संघातून बाहेर पडले, पण त्यांनी हाच नियम पौंडांत ठेवला आहे. आणि दावा करण्याआधी आजचा नियम एकदा तपासावा. तीन तासांची मर्यादा चार ते सहा तासांवर न्यावी असे सदस्य देशांच्या मंत्र्यांनी २०२५ च्या जूनमध्ये ठरवले होते आणि युरोपीय संसदेतून त्याला विरोध झाला होता.

नातीचा वाढदिवस तोंडावर आहे. अत्ती-मावा पुन्हा निघाले आहेत. २०२४ च्या जानेवारीत हैदराबादहून फ्रँकफुर्टला थेट विमान सुरू झाले, ॲमस्टरडॅमलाही २०२५ पासून आहे. आखातातून जाणारे तिकीट बरेच स्वस्त पडत होते. माझे मिस्टर तेच काढणार होते. अत्तींनी विचारले, "यात जाताना कायदा आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग नको. त्या बाराशे युरोंत भर घालून जाता-येता दोन्हीकडे कायदा असलेलं काढ." तसेच काढले आहे.

बॅगेत शेंगाहिंडी भरून झाली. मावा गेले पंधरा दिवस रात्री झोपताना बोटांना खोबरेल तेल चोळून घेतात. काल रेशन दुकानात जाऊन आले. तिसऱ्या वेळेला अंगठा उमटला म्हणाले.